प्रकल्प नोंदी: स्वतंत्र कलाकारांची क्रमवारी (पुणे, जून ते सप्टेंबर २०२५)

१ जून २०२५, रविवार

यादी भारतीय स्वतंत्र ('इंडी') कलाकारांची, क्रम प्रभावाचा. काम १९७० ते २०२४ या काळातलं. साठ नावं, छत्तीस मतदार, बैठक दर रविवारी सदाशिव पेठेत. परदेशी नावं यादीत नाहीत. नियम तपासायला मात्र तीच वापरायची, कारण त्यांच्यावरून इथे कोणाचं डोकं फिरत नाही.

पहिल्याच बैठकीत "इंडियन ओशन वर की पीटर कॅट वर" (दोन्ही दिल्लीचे बँड) यात दोन तास गेले आणि कागदावर एक ओळ उतरली नाही. एक बाजू सांगत होती कोणाचं बघून किती बँड उभे राहिले, दुसरी सांगत होती आज कोण जास्त ऐकलं जातं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, त्यामुळे वाद मिटणार कसा? ठरलं असं की व्याख्या पक्क्या होईपर्यंत क्रमांकाचं नाव काढायचं नाही. काढणाऱ्याने त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा द्यायचा.

प्रभावाची कामचलाऊ व्याख्या: दुसऱ्या कलाकाराच्या कामात बोट ठेवून दाखवता येईल असा फरक. व्ह्यूज, पुरस्कार, तिकीटविक्री बाद. प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' ओबामांच्या २०१९च्या आवडत्या गाण्यांत होतं ही गोष्ट खरी, पण त्यामुळे दुसऱ्या कोणाचं गाणं बदललं असं काही सिद्ध होत नाही. ते गाणं यादीत यायचं तर वेगळा पुरावा आणा.

८ जून, रविवार

आज फक्त "स्वतंत्र".

ब्रिटनमध्ये स्वतंत्र लेबलांची (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांची) वेगळी खपाची तालिका जानेवारी १९८० मध्ये सुरू झाली. निकष वितरणाचा होता: रेकॉर्ड दुकानात पोचवणारी साखळी मोठ्या कंपन्यांच्या बाहेरची हवी. त्याच निकषाने त्या दशकाच्या शेवटी कायली मिनोगची चकचकीत पॉप गाणी त्या तालिकेच्या माथ्यावर जाऊन बसली, कारण तिचं पीडब्ल्यूएल हे लेबल स्वतंत्र वितरकाकडून माल पाठवत होतं. लोकांच्या मनात "इंडी" म्हणजे गिटारचा एक विशिष्ट आवाज होता आणि नियम मालाच्या ट्रकबद्दल बोलत होता. २००९ मध्ये निकष मालकीवर आणला: लेबलची निदान ५० टक्के मालकी मोठ्या कंपन्यांच्या बाहेर हवी. त्यानेही सगळ्यांचं समाधान होत नाही. अडेलचा '२१' (२०११) ब्रिटनमध्ये एक्सएल या स्वतंत्र लेबलवर निघाला, म्हणजे नियमाने तो स्वतंत्र. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं.

आमचा नियम:
ध्वनिमुद्रण पहिल्यांदा बाहेर आलं त्या दिवशी, ते काढणाऱ्या लेबलची निम्मी किंवा जास्त मालकी युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर यांच्याकडे (२०१२ च्या आधी ईएमआयकडेही) नसावी. वितरक कोण हे बघायचं नाही. आज वितरक धरायला गेलं तर हातात काहीच उरत नाही. द ऑर्चर्डसारखा वितरक २०१५ पासून पूर्णपणे सोनीचा आहे, आणि घरात गाणं करून स्ट्रीमिंगवर टाकणारा माणूस अशाच कोणाच्या तरी पाइपातून जातो.

हा नियम लावायचं एकक गाणं किंवा अल्बम. कलाकार नाही. निर्वाणाचा 'ब्लीच' (१९८९, सब पॉप) चालतो, 'नेव्हरमाइंड' (१९९१, डीजीसी) चालत नाही. माणसाला स्वतंत्र ठरवायला गेलं की त्याच्या पुढच्या करारासोबत आपला नियम फिरवावा लागतो.

नियम लावून बघितला:
इंडियन ओशनचा 'कंदिसा' (२०००, टाइम्स म्युझिक) आत. एवढ्या मोठ्या वृत्तपत्रसमूहाचं लेबल स्वतंत्र कसं, हा प्रश्न रास्त आहे, पण नियम तीन कंपन्यांचा आहे, श्रीमंतीचा नाही.
रॅपर नेझीचं 'आफत!' (२०१४) आत. 'मेरे गल्ली में' (२०१५, सोनी) बाहेर.
हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज' (२०२४) बाहेर, तेही मोठ्या कंपनीच्या लेबलवर.
'तांबडी चामडी' (२०२४) बाहेर. यावर सगळ्यात जास्त आवाज झाला. मराठी शब्द, मराठी पोरं, पण गाणं स्पिनिन रेकॉर्ड्सवर, आणि ते डच लेबल २०१७ मध्येच वॉर्नरने घेतलेलं. अभिमान जागच्या जागी, नियम जागच्या जागी.
रित्विझचं 'उड गये' (२०१७) आत, पण शेजारी "प्रायोजक" असा शेरा. मद्यकंपनीच्या स्पर्धेतून आलेलं गाणं आहे. पुण्याचा म्हणून शेरा गाळलेला नाही.

१५ जून, रविवार

दोन नावांनी नियमाला भोक पाडलं.

परिक्रमा (दिल्ली, १९९१). वर्षानुवर्षं कॉलेजांचे महोत्सव गाजवले आणि अल्बम न काढणं हेच धोरण ठेवलं. ध्वनिमुद्रणावर बेतलेल्या नियमात असा बँड बसवायचा कुठे?

आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४). यांची गाणी गायन पार्ट्यांनी (गाणाऱ्यांच्या फिरत्या संचांनी) गावोगाव नेली. मूळ ध्वनिमुद्रण शोधण्यात अर्थ नाही, गाणं तोंडातून तोंडात गेलेलं. "पण ते इंडी कुठे आहेत?" असं विचारलं गेलं. लेबल नाही, व्यवस्थापक नाही, रेडिओचा भरवसा नाही, स्वतःची गाणी, स्वतःचा श्रोता. याला स्वतंत्र म्हणायचं नाही तर मग कोरेगाव पार्कातल्या कॅफेत वाजवणाऱ्याला कोणत्या तोंडाने म्हणायचं? कबीर कला मंच आणि संभाजी भगत यांनाही हेच लागू.

पोटनियम: ध्वनिमुद्रण नसेल तर जाहीर सादरीकरणाचे दोन स्वतंत्र पुरावे (छापील बातमी, कार्यक्रमपत्रिका, तारखेसह चित्रफीत) चालतील.

२२ जून, रविवार

पालख्यांमुळे पेठांतले रस्ते बंद. बैठक नाही.

२९ जून, रविवार

नावांची साफसफाई. साठ नावांच्या यादीत एकशे दहा ओळी निघाल्या, कारण एकेक नाव चार तऱ्हांनी. ओशन, ओशन्, ओशिअन हे डोळ्यांना तरी दिसतं. जे दिसत नाही ते जास्त छळतं:

'ऱ' हे अक्षर एका कळफलकावर एकसंध येतं आणि दुसऱ्यावर 'र' अधिक नुक्ता (खालचा टिंब) असं. दिसायला तंतोतंत एक, संगणकावरच्या तक्त्याला (स्प्रेडशीटला) मात्र दोन वेगळी नावं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर सगळीकडे एकाच सांकेतिक रूपात आणणं) चालवलं की दोन्हींचं एकसंध 'ऱ' होतं. हिंदी नावांतल्या 'ज़', 'फ़' यांचं याच्या उलट होतं: एनएफसी त्यांना फोडून मूळ अक्षर अधिक नुक्ता करतं. दोन्ही ठीक, फक्त सगळ्या ओळींवर एकाच वेळी चालवायला हवं.
'ॲ' आणि 'अॅ' एनएफसीने एक होत नाहीत. हाताने शोधून बदला.
अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक २००डी) एनएफसी काढत नाही. मोबाइलवरून चिकटवलेल्या नावांत हमखास असतं. वेगळं शोधून उडवायचं, पण आधी बघून, कारण काही ठिकाणी ते 'र्‍य' साठी मुद्दाम घातलेलं असतं.

शेवटी प्रत्येक कलाकाराला तीन आकडी क्रमांक दिला आणि मतपत्रिकेवर तोच लिहायचा असं केलं. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

९ जुलै, बुधवार

जुन्या बाजारातून शाहिरी आणि भीमगीतांच्या चौदा कॅसेट. सहा लागलीच वाजल्या. बाकीच्यांचं दुखणं ठरलेलं:

फेल्टची गादी गळालेली. कॅसेटची फीत हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) दाबून धरणारा हा बारका तुकडा. गोंद वाळला की पडतो. मग फीत हेडपासून सुटते, तार स्वर गायब होतात आणि आवाज झोके खातो. रद्दी कॅसेटमधली गादी तिच्या पोलादी पट्टीसकट उचलून बसवली. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर दहा मिनिटांचं काम. स्वस्तातल्या कॅसेटी चिकटवून बंद केलेल्या असतात. त्या शिवणीवर पातं फिरवून उघडायच्या आणि दोन्ही रिळं दुसऱ्या कवचात घालायची. उघडताना आतले दोन पातळ पारदर्शक कागद आणि कोपऱ्यांतल्या चकत्या उडतात, म्हणून खाली पांढरं फडकं.

आवाज ओल्या घोंगडीखालून आल्यासारखा: हे बहुतेक वेळा हेडच्या कोनाचं दुखणं. मूळ मुद्रण ज्या यंत्रावर झालं त्याचा कोन आणि आपला कोन जुळत नाही. डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐकायचं, हेडशेजारचा स्क्रू अष्टमांश फेऱ्याने फिरवायचा, 'स' आणि टाळ्या सगळ्यात धारदार ऐकू येतात तिथे थांबायचं. त्याआधी स्क्रूच्या मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका, नाहीतर परतीची वाट नाही. मोनो का? कोन चुकला की दोन बाजू किंचित मागेपुढे होतात आणि एकत्र केल्यावर तार स्वर एकमेकांना खातात, त्यामुळे चूक झटकन कळते.

वेग: कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळायला हवी. कसोटी कॅसेट हाताशी नसेल तर हार्मोनियम ऐकायची. सूर दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध पडत असेल तर वेग साधारण ३ टक्के चुकलेला असू शकतो, कारण एक पट्टी म्हणजे जवळजवळ ६ टक्के. हा फक्त संशय धरायचा, पुरावा नाही. पेटीच जुनी आणि उतरलेली असण्याची शक्यता तेवढीच.

मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखर (आवाजाचा सगळ्यात मोठा क्षण) उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू स्टिरिओत सुमारे ५१८ एमबी होते. मोनो असेल तर मोनोच ठेवा, निम्मी जागा वाचते आणि खरखरही कमी होते.

१३ जुलै, रविवार

श्रवणबैठका सुरू. हिशेब: साठ नावं, प्रत्येकी तीन गाणी (सगळ्यात जुनं, सगळ्यात जास्त इतरांनी गायलेलं, आणि नाव सुचवणाऱ्याच्या पसंतीचं), गाण्याला चार मिनिटं. एकूण बारा तास, म्हणजे दोन तासांच्या सहा बैठका.

आज घोडं आवाजाच्या पातळीवर अडलं. कॅसेटवरून घेतलेलं गाणं उणे २० एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, आजचं हिपहॉप उणे ८. बारा डेसिबलचा फरक, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला दुप्पट मोठं. मोठं वाजलेलं गाणं चांगलं वाटतं, हे माहीत असूनही वाटतं. पहिल्या तासाचे शेरे त्यामुळे फाडून टाकले.

उपाय: एफएफएमपेग या संगणक-आज्ञावलीने प्रत्येक फाइलची पातळी मोजली आणि सगळ्यांना खाली, उणे २० ला आणलं. वर न्यायचं नाही. वर नेलं तर कॅसेटची खरखरही वर येते आणि शिखरं कापली जातात. शिखरावरून बरोबरी करणं तर सपशेल चूक, एका ढोलकीच्या थापेचं शिखर आख्ख्या रॅपच्या शिखराएवढं असू शकतं.

२० जुलै, रविवार

पुरावा वही. एका ओळीत: कोणी, कोणाकडून, काय घेतलं, पुरावा, तारीख, प्रत (पुराव्याचा दर्जा).

अ प्रत (३ गुण): प्रभाव घेणाऱ्याने स्वतः छापील किंवा ध्वनिमुद्रित मुलाखतीत सांगितलेलं.
ब प्रत (२ गुण): कव्हर (दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायलेलं), सॅम्पल (मूळ मुद्रणाचा तुकडा वापरलेला), चाल उचललेली.
क प्रत (० गुण): "ऐकू येतं ना". लिहून ठेवायचं, मोजायचं नाही.

एका जोडीची एकदाच नोंद. एकच मुलाखत दहा ठिकाणी चिकटवलेली असते आणि वही दहा पुरावे दाखवते. मूळ तारीख सापडेपर्यंत एकच धरा.

ब प्रतीचा नमुना: मोहीनेर घोडागुली, कोलकात्याचा बँड, पहिली रेकॉर्ड १९७७. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. १९९५ मध्ये संकलन निघालं तेव्हा नवी पिढी जागी झाली, आणि २००६ च्या 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातलं 'भीगी भीगी' त्यांच्याच चालीवर. मधल्या अठरा वर्षांत मत घेतलं असतं तर हे नाव साठातही आलं नसतं. म्हणून २०२० नंतरच्या कामाला "अजून मुरायचं आहे" असा शेरा. गुण कापायचे नाहीत, फक्त शेरा.

वामनदादांनी वही मोडली. १४ एप्रिलच्या एका रात्रीत त्यांची गाणी किती मंचांवर होत असतील, ते मोजून बघा! प्रत्येक सादरीकरणाला ब प्रत दिली तर उरलेली एकोणसाठ नावं एका कोपऱ्यात. म्हणून कव्हरची संख्या सरळ न मोजता दोनच्या घातांकाच्या हिशेबाने (कव्हर दुप्पट झाली की साधारण एकाची भर): १ कव्हर म्हणजे १ नोंद, ३ म्हणजे २, ७ म्हणजे ३, ६३ म्हणजे ६. तरीही ते वरच राहतात. राहू देत.

उलट्या बाजूची अडचण जास्त गंभीर. शाहिरी आणि आजचा मराठी रॅप यांचं नातं कान असलेल्या कोणालाही कळतं. मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटाच्या 'वारली रिव्होल्ट' (२०१९) मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात, म्हणून तिथे पुरावा हातात आहे. बाकी बरंच काही क प्रतीत अडकतं, कारण रॉक बँडांच्या मुलाखती इंग्रजी मासिकांत छापल्या गेल्या आणि शाहिरांना कोणी "तुमच्यावर कोणाचा प्रभाव?" असं विचारलंच नाही. वही जे मोजते ते प्रभाव कमी आणि प्रसिद्धी जास्त. यावर उतारा म्हणून वहीचे गुण क्रमवारीत मिळवायचे नाहीत असं ठरलं. मत देताना वही समोर उघडी असेल, एवढंच तिचं काम.

एक रकाना वाढवला: आवाजाचा प्रभाव की पद्धतीचा. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडची 'स्पायरल स्क्रॅच' (जानेवारी १९७७) स्वतःच्या पैशाने काढलेली, पहिल्या खेपेला हजार प्रती, आणि वेष्टनावर कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात झालं तेही छापलेलं. त्यांच्यासारखं न वाजवताही लोक त्यांच्यासारखी रेकॉर्ड काढायला लागले. आपल्याकडे 'आफत!' तसंच: आयपॅडवर मुद्रण, आयपॅडवरच चित्रीकरण.

३ ऑगस्ट, रविवार

मतमोजणीची पद्धत. तीन पर्याय.

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या पॅझ अँड जॉप या समीक्षक-मतदानाची रीत: दहा अल्बमांत शंभर गुण वाटायचे, एकाला कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३०. आवड किती तीव्र ते कळतं, पण हट्टी मतदाराचं एक नाव सगळ्यांना दहा-दहा देणाऱ्या मवाळ मतदाराच्या तीन नावांएवढं भरतं. आमच्यात हट्टी जास्त. नाकारली.

बोर्डा: वीस नावं, पहिल्याला २०, शेवटच्याला १. सोपी, आणि म्हणूनच सोप्या लबाडीची. प्रतिस्पर्धी खरं तर दुसऱ्या जागेचा, पण त्याला मतपत्रिकेतूनच गाळलं की एका फटक्यात १९ गुणांचा खड्डा.

जोड्यांची कुस्ती (काँडोर्सेची रीत): प्रत्येक नावाची प्रत्येकाशी. साठ नावांच्या १७७० जोड्या. गाळण्याची लबाडी इथेही चालते, पण एका जोडीत एका मतापुरतीच. हीच घेतली.

मतपत्रिकेवर तीन खुणा: क्रमांक (१ ते २०), "ऐकलं, पण विसात नाही" आणि "ऐकलेलं नाही". जोडीतली दोन्ही नावं ऐकलेल्यांचंच मत धरायचं.

१० ऑगस्ट, रविवार

ढोल-ताशाचा सराव जोरात. संध्याकाळच्या जादा श्रवणबैठका नदीपात्राजवळच्या घरी शक्य नाहीत. सगळ्या सकाळी. उणे २० एलयूएफएसचं ताशापुढे काही चालत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली मोजणी. माथ्यावर अशी नावं आली जी बहुतेकांनी ऐकलेलीच नाहीत. दोन तास शोधल्यावर सापडलं: रिकामा रकाना तक्ता शून्य धरतो, आणि शून्य एकापेक्षा लहान, म्हणजे "ऐकलेलं नाही" हा पहिल्या क्रमांकाच्याही वरचा क्रमांक झाला. "ऐकलेलं नाही" ला 'न' अक्षर, "विसात नाही" ला ९९. सूत्राने आधी 'न' तपासायचं, मग आकडे.

दुसरी मोजणी. आता चौघांनीच ऐकलेलं एक नाव ४–० ने कुस्त्या मारत होतं. प्रत्येक जोडीत दहा कृत्रिम मतं घातली, पाच-पाच. ४ पैकी ४ चे मग १४ पैकी ९, म्हणजे ०.६४, ३६ पैकी २७ चे ४६ पैकी ३२, म्हणजे ०.७०. थोड्यांचा एकमुखी कौल खाली सरकला, पुसला गेला नाही.

तिसऱ्या मोजणीत फेरा निघाला: क ने ख ला २०–१४, ख ने ग ला १९–१५, ग ने क ला १८–१७. यात मोजणीची चूक नाही, आवडीनिवडी अशाच असतात. सगळ्यात कमी फरकाचा निकाल (१८–१७) सोडून दिला की साखळी सरळ होते.

२४ ऑगस्ट, रविवार

छत्तीस मतपत्रिकांतून चिठ्ठी टाकून छत्तीस उचलायच्या, उचललेली परत टाकायची, आणि पुन्हा मोजायचं. असं हजार वेळा. कोणतं नाव किती हलतं ते कळतं. नवव्या जागेवरचं नाव पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत फिरलं. पहिल्या दोघांत तर हजारातले निम्मे निकाल इकडे आणि निम्मे तिकडे.

१ जूनला ज्यावर दोन तास गेले ती जोडी हीच. छत्तीस माणसांच्या मतात तिचं उत्तर नाही. म्हणून क्रमांक छापायचेच नाहीत, गट छापायचे: हजारातल्या निदान ९०० निकालांत जो वर राहतो तोच वरच्या गटात. साठ नावांचे सात गट झाले. "मग नंबर एक कोण?" विचारणाऱ्याने चहा दिला.

३१ ऑगस्ट

गणपती. काम नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

यादीचा मसुदा फिरवला. गटात नावं वर्णानुक्रमे होती, त्यामुळे पहिल्या गटात 'अवियल' हा बँड सगळ्यात वर आला आणि संध्याकाळपर्यंत "अवियल पहिले का?" अशा सात विचारणा. शिवाय तक्ता 'ॲ' ला 'ह' च्याही मागे टाकतो ते वेगळंच.

गटातला क्रम आता पहिल्या प्रसिद्धीच्या वर्षाने, वर्ष नावाशेजारी छापून. ध्वनिमुद्रण नसेल तिथे पहिल्या पुराव्याचं वर्ष. त्याने पहिल्या गटाच्या माथ्यावर वामनदादा आणि त्यांच्याखाली मोहीनेर घोडागुली आले. आज पाच विचारणा.

राहिलेलं: चिकटवलेल्या तीन कॅसेट उघडायच्या. रद्दी कवचं संपली, बुधवारी जुन्या बाजारातून पाच स्क्रूंची सहा आणायची, गाद्या शाबूत आहेत का ते तिथेच बघून.